नंबर बरोबर, पेठ चुकली

२०२५ च्या दिवाळीत, चकल्यांचा पहिला घाणा उतरत होता तेव्हा, आमच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या निवृत्तीची नोटीस दिली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ घ्यावी तर मी त्या लायकीचा नाही, असं त्याने स्वतःच पडद्यावर लिहून दाखवलं. इतका प्रामाणिकपणा मी आमच्या सोसायटीत कुणाकडून पाहिलेला नाही. २०१६ साली घेतलेलं हे यंत्र. मेंटेनन्सच्या पावत्या आणि पार्किंगवरून लिहिलेली एकूण एक कडक पत्रं ह्याच्यावरच टाइप झाली. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे नऊ वर्षांत दुसरं कुणी व्हायला तयार झालेलं नाही.

"अख्खा कॉम्प्युटर कशाला बदलतोस, मामा?" हिंजवडीतला भाचा फोनवर म्हणाला. "आठव्या जनरेशनचा प्रोसेसर टाक. विंडोज ११ ला तिथून पुढचे चालतात. फक्त कंपॅटिबल आहे का ते बघून घे."

हा 'फक्त' कॉम्प्युटरवाले आणि लग्नातले केटरर अगदी एका सुरात म्हणतात.

बघून घे म्हटल्यावर मी बघायलाच गेलो. कॅबिनेट आडवं पाडून उघडलं. आत नऊ वर्षांची धूळ आणि एक कैलासवासी झुरळ. पंखा सोडवला, हीटसिंक उपटला, दांडी उचलून प्रोसेसर बाहेर काढला. वरची वाळलेली पेस्ट जुन्या बनियनने पुसली, तेव्हा अक्षरं दिसली : आय-थ्री ६१००. हेच कॉम्प्युटर चालू असताना सेटिंग्जमध्ये दोन क्लिकवर वाचता येतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

प्रोसेसरखाली सॉकेट होतं, म्हणजे बोर्डावरची त्याची बसायची जागा. इंटेलच्या ह्या जातीत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. केसासारख्या बारीक, हजारावर. एक वाकली तरी बोर्ड कामातून जाऊ शकतो. नेमकी तेव्हाच धूळ नाकात गेली. ती शिंक मी कशी गिळली ते माझं मला माहीत. मग सॉकेटवर एक वाटी पालथी घातली आणि शेजारी चिठ्ठी ठेवली : 'वाटी उचलू नये. का, ते विचारू नये.'

प्रोसेसर कापसात गुंडाळून वेलदोड्याच्या डबीत घातला, मेट्रोने मंडई स्टेशनला उतरलो आणि चालत तपकीर गल्ली गाठली. कॉम्प्युटरच्या भागांच्या दुकानात गल्ल्याच्या वर पाटी होती : 'बोर्डाचा नंबर माहीत नसल्यास आधी घरी जाऊन यावे.' मी ती वाचली आणि ती इतरांसाठी आहे असं समजून डबी पुढे केली.

"हे काय?"

"प्रोसेसर."

"बदलायचाय ना? मग हा कशाला आणलात? चपला घ्यायला येताना पाय आणायचा असतो काका, जुनी चपल नव्हे."

पाय घरी वाटीखाली होता. गेलो. बोर्डावर छापलेला नंबर उतरवला, एच ११०, आणि त्या रात्री अभ्यासाला बसलो. सॉकेटचं नाव एलजीए ११५१. आकडा म्हणजे पिनांची संख्या. आणि मग खजिनाच सापडला. आठव्या जनरेशनचा आय-सेव्हन ८७०० : सहा कोअर, आणि सॉकेट ११५१! माझ्या ६१०० ला बिचाऱ्याला दोनच कोअर. मला झोप लागली नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पायरीवर.

"एच वन-टेन," मालक म्हणाले. "ह्याला सहावी जनरेशन. बायॉस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट केलंत तर सातवी."

"मला आठवी हवी. सॉकेट तेच आहे. ११५१." हे मी शेजारच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल असं म्हणालो.

"बसेल हो. चालणार नाही."

सातवीचा ७७०० आला जानेवारी २०१७ मध्ये, आठवीचा ८७०० त्याच ऑक्टोबरात. नऊ महिन्यांचं अंतर, तोच आकार, तितक्याच पिना. पण इंटेलने काही राखीव पिना वीजपुरवठ्याकडे वळवल्या आणि आठवीला ३०० सिरीजचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची कारभारी चिप, लागेल असं ठरवलं. माझा एच ११० त्याआधीचा. सॉकेटचं नाव मात्र तेच ठेवलं. बारसं एकदाच करून दोन मुलांना तेच नाव द्यावं, तसं.

माझा चेहरा बघून मालकांनी विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?"

"सदाशिव पेठ. आता कोथरूडला असतो."

"मग घरनंबर म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायचं? ११५१ सदाशिवात असतो तसा शुक्रवारातही असेल. सॉकेट म्हणजे नंबर. चिपसेट म्हणजे पेठ."

मी गप्प झालो, कारण हे आमच्या घरात घडलेलं आहे. वाड्यात एकदा संध्याकाळी पाचजण आले, नंबर विचारून झोपाळ्यावर बसले. आजीने रीतीप्रमाणे पोहे केले, त्यांनी रीतीप्रमाणे खाल्ले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. अर्ध्या तासाने त्यातल्या वडीलधाऱ्यांनी घसा साफ करून "मुलीला बोलवा" म्हटलं, तेव्हा माझी आत्या गोट्या खेळता खेळता आत आली. वय वर्षे आठ. मंडळींना त्याच नंबरच्या शुक्रवारातल्या घरी जायचं होतं. बसायला काहीच अडचण आली नव्हती. पुढचंच जमत नव्हतं.

"मग सातवी टाकू?" मी विचारलं.

"टाका की. पण आधी हा जुना परत बसवून बायॉस अपडेट करा, नाहीतर बोर्ड नव्याला ओळखच दाखवणार नाही. आणि सातवी टाकलीत तरी विंडोज ११ च्या यादीत ती नाही."

म्हणजे चालतं ते उपयोगाचं नाही आणि उपयोगाचं ते चालत नाही. नवा बोर्ड घ्यावा तर त्याला डीडीआर-फोर रॅम, माझी डीडीआर-थ्री. रॅमचं एक मात्र बरं आहे. तिची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीच्या घरात ती बसतच नाही. पोहे वाचतात. सगळं धरून हिशेब केला तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, शिवाय कोंबडीही नवीच.

शेवटी मी थर्मल पेस्टची एक छोटी ट्यूब घेतली. मालकांनी तिचंही पक्कं बिल केलं आणि बजावलं, "मटारच्या दाण्याएवढीच लावा. श्रीखंड नाही ते."

घरी वाटी जागेवर होती. चिठ्ठीखाली बायकोच्या अक्षरात भर पडली होती : 'वाटी आमटीची आहे. परत कधी मिळेल, ते विचारू का?'

प्रोसेसर होता तिथे बसवला, दाण्याएवढी पेस्ट लावली, बटण दाबलं. चालू झाला. विंडोज १० साठी एक वर्षाची सुरक्षा अपडेटची मुदतवाढ मिळत होती, तिथे नाव नोंदवलं. ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मी नोव्हेंबरात नोंदवल्यामुळे हातात अकरा महिने आले. सोसायटीतल्या भाडेकरूंचे करारही मी तेवढ्याचेच मागतो.

रात्री भाच्याचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"मामा, ऑफिसमधला एकजण त्याचा ८७०० विकतोय. स्वस्तात! मी चेक केलं, सॉकेट तुझंच आहे."

"पेठ कुठली?" मी विचारलं.