एलडीएल १६२ कुणाचं?

रक्ततपासणीचा अहवाल बंद पाकिटात देतात, अशी माझी समजूत होती. काउंटरवरच्या मुलीची नव्हती. तिने कागद उंच धरला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "एलडीएल १६२ कुणाचं?" कागदावर माझं नावही होतं. पण आकडा ठळक टायपात होता, तिला तोच आधी दिसला. मी हात वर केला. बसलेल्या सगळ्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. आता एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, काही पोटावरून ओळखता येत नाही, काटकुळ्या माणसाचंही १९० निघू शकतं. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते यकृत स्वतःच बनवतं. पण हे उभं राहून कुणाकुणाला सांगणार?

शेजारच्या खुर्चीतले काका पोट बघून थांबले नाहीत. मांडीवरचा थर्मास सावरत, 'अंघोळ करत नाही वाटतं?' असं विचारावं त्या सुरात ते म्हणाले, "ग्रीन टी घेत नाही वाटतं?"

"घेतो कधीमधी."

"कधीमधीने काय होतंय! मी रोज हा अख्खा थर्मास संपवतो. पहाटे खळखळत्या पाण्यात मूठभर पत्ती टाकायची आणि झाकण घट्ट लावायचं. दिवसभर अर्क उतरत राहतो."

त्यांनी झाकणात थोडा अर्क ओतून दाखवला. त्यात हिरवं काही शिल्लक नव्हतं, काढ्यासारखा तपकिरी रंग आला होता. कारण साधं आहे. ग्रीन टी आणि काळा चहा एकाच झाडाचे. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफवली किंवा कढईत भाजली, की पान काळं करणारं एन्झाइम मरतं आणि कॅटेचिन नावाची द्रव्यं टिकतात. सगळा गाजावाजा आहे तो यांचाच, त्यातही इजीसीजी या कॅटेचिनचा. एवढी खटपट करून कुणीतरी जे ऑक्सिडेशन, म्हणजे पानाचं काळं पडणं, थांबवलं, ते काका थर्मासात कोंडून सावकाश पुरं करून घेत होते.

"कडू नाही लागत?"

"जहर लागतं! म्हणून तर कपाला तीन चमचे मध. मध औषधीच असतो."

तीन चमचे म्हणजे साधारण २० ग्रॅम मध, त्यात १७ ग्रॅम साखर. असे चार कप झाले की ६८ ग्रॅम. यकृत जादा साखरेतून ट्रायग्लिसराइड नावाची चरबी बनवतं, हे मी सांगायला लागलो तर काकांनी झाकण तोंडाला लावलं.

"काका, तुम्ही लिपिड प्रोफाइलला आलात ना? उपाशीपोटी?"

"उपाशीच आहे की! हे काय खाणं आहे?"

इथे मला गप्प बसवेना. लिपिड प्रोफाइल ही रक्तातल्या चरबीची तपासणी, आणि उपाशीपोटी म्हणजे ९ ते १२ तास फक्त पाणी. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. १९७२ चं, फ्रीडवाल्ड नावाच्या संशोधकाचं सूत्र ते हेच. म्हणजे बाकीचे आकडे तसेच राहून ट्रायग्लिसराइड ५० ने वाढलं, तर कागदावर एलडीएल १० ने कमी दिसणार. एका झाकणभर चहातल्या मधाने एवढा फरक पडत नाही, पण रोजच्या मधाने ट्रायग्लिसराइड चढत राहिलं तर पडू शकतो. तेव्हा काका तो कागद घेऊन गावभर सांगत फिरतील, ग्रीन टीने उतरलं म्हणून.

खरं किती उतरतं? याचं उत्तर आहे आणि ते वाईट नाही, फक्त लहान आहे. इजीसीजी आतड्यात कोलेस्टेरॉलला नीट विरघळू देत नाही, त्यामुळे ते थोडं कमी शोषलं जातं. २०२० मध्ये ३१ चाचण्यांचा, तीन हजारांवर माणसांचा एकत्रित हिशोब छापून आला. एलडीएल डेसिलिटरमागे सरासरी साडेचार मिलिग्रॅमने उतरलं होतं. एचडीएलमध्ये म्हणावा असा फरक नाही. माझ्या १६२ चे १५७ आणि काहीतरी. एकाच माणसाचं एलडीएल आज आणि पुढच्या आठवड्यात मोजलं तर याहून जास्त इकडचं तिकडे होतं, काहीही न पिता.

"मग जपानी माणसाला हार्ट अ‍ॅटॅक का येत नाही?" काकांनी हुकमाचं पान टाकलं.

येतो. पण काकांच्या बाजूचाही एक पुरावा आहे, तो त्यांना माहीत नव्हता आणि मी मूर्खासारखा पुरवला. जपानच्या ओसाकी भागातल्या ४०,५३० माणसांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्या बायकांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू, एक कपही न पिणाऱ्यांच्या मानाने ३१ टक्के कमी होते. पुरुषांमध्ये फरक त्याहून कमी.

"बघा! एकतीस टक्के!" काका पलीकडच्या बाईंना म्हणाले. बाईंना संदर्भ माहीत नव्हता, तरी त्यांनी मान डोलावली.

अहो, पण तो निरीक्षणाचा अभ्यास. पाच कप पिणारा माणूस आणखी काय खातो, किती चालतो, याचा हिशोब पुरता वजा होत नाही. आणि सहसा तो चहा बिनसाखरेचा असतो. हे वाक्य पुरं व्हायच्या आत काका मधाच्या प्रकारांवर गेले होते.

मग त्यांनी खिशातून गोळी काढली आणि त्याच अर्काबरोबर गिळली. बीपीची म्हणाले. कुठली, विचारलं. "पांढरी. गोल." नॅडोलॉल नावाची बीपीची एक गोळी आहे. २०१४ च्या एका जपानी अभ्यासात रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी पिणाऱ्यांच्या रक्तात ती सुमारे ८५ टक्के कमी पोचली. सगळ्या गोळ्यांचं असं होत नाही. म्हणून तर नाव माहीत पाहिजे, रंग आणि आकार नव्हे. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. लोह कमी असलेल्यांनी चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवावं, कारण कॅटेचिन वनस्पतीतलं लोह धरून ठेवतात.

"आणि कोलेस्टेरॉलची गोळी?"

"ती कधीच बंद केली. हे आहे ना!" त्यांनी थर्मासवर थाप मारली. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं आणि ते आत गेले.

इथे माझं हसू संपलं. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी. तिच्या मध्यम मात्रेने एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरतं. थर्मासातल्या साडेचार मिलिग्रॅमच्या जोरावर ती गोळी सोडायचा सल्ला काकांना कुणी डॉक्टरने दिला नसणार. तो कुणातरी शेजाऱ्याने दिला असेल, नाहीतर ग्रीन टीच्या खोक्यावर छापलेल्या, हृदयाच्या आकाराच्या लाल बदामाने. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००६ मध्येच 'ग्रीन टीने हृदयरोगाचा धोका घटतो' हा दावा छापायला परवानगी नाकारली. बदामाला परवानगी लागत नाही.

त्याहून चीड येते ती अर्काच्या कॅप्सूलची. चहा पिऊन यकृत बिघडणं दुर्मीळ. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये बजावलं, की पूरक म्हणून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त इजीसीजी घेणाऱ्यांमध्ये यकृताची एन्झाइमं रक्तात वाढलेली दिसतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण. उपाशीपोटी घेतलं तर रक्तात आणखी जास्त चढतं. तरीही ती 'नैसर्गिक' म्हणून विकतात, आणि घेणारा डॉक्टरला सांगतही नाही, कारण ते कुठे औषध आहे?

प्यायचाच असेल तर २ ग्रॅम पत्ती, २०० मिलिलिटर पाणी, उकळल्यावर चार-पाच मिनिटं थांबून ८० अंशांच्या आसपास आलेलं. दोन-तीन मिनिटांत गाळायचा. जास्त उकळलं तर कॅटेचिन जास्त उतरतात हे खरं, पण ती कडू असतात आणि मग मध येतो. लिंबू पिळा, हरकत नाही. चव आवडत असेल तर जरूर प्या. मला नाही आवडत.