बोलतंय ते खरं, पण ऐकतंय कुठं?

गेले तीन आठवडे आमच्या पेठेच्या ग्रुपवर, तालमीच्या ग्रुपवर आणि बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘बोलणारं पुस्तक किंवा बोलणारं पेन आणा, तीन वर्षांचं मूल तीन महिन्यांत वाचायला लागतं. उच्चार शुद्ध होतात. आई-वडिलांनी शेजारी बसायची गरज नाही. मेंदूची ९० टक्के वाढ पाच वर्षांच्या आत होते, नंतर वेळ गेलेली असते. आयएसआय प्रमाणित शैक्षणिक खेळणं. मोबाईलपेक्षा कधीही चांगलं. जागरूक पालक असाल तर पुढे पाठवा.’

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका गल्लीत माझं खेळण्यांचं दुकान आहे. वडील सावंतवाडीची लाकडी फळं आणि भोवरे विकायचे, मी सेलवर चालणारी खेळणी विकतो. बोलणारी पुस्तकं, पेनं आणि कार्ड सारलं की शब्द म्हणणारी मशीन माझ्याकडेही आहेत. मेसेज सुरू झाल्यापासून खप वाढलाय. तरीही तो खोडायला बसलोय म्हटल्यावर बायको म्हणाली, “डोकं ठिकाणावर हाय न्हवं?” आहे. पण तीन महिन्यांनी हेच गिऱ्हाईक खोकं घेऊन परत येणार आणि “ह्यानं काय वाचाय येत नाही ओ” म्हणून माझ्याशी भांडणार. मेसेज लिहिणारा तेव्हा काउंटरवर नसणार.

‘तीन महिन्यांत वाचायला लागतं’ यापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा याच्यावर उभा आहे.

मागच्या रविवारी एक आजोबा नातवाला घेऊन आले. पोरगं साडेतीन वर्षांचं, गालाला अजून प्रसादाचा पेढा लागलेला. घरी एक बोलणारं पुस्तक होतं, आता पुढचा भाग हवा होता. “सगळं येतंय त्याला, बघाच तुम्ही.” नमुन्याचं पुस्तक काउंटरवर उघडंच असतं. पोरानं ‘क’वर बोट दाबलं आणि मशीन बोलायच्या आधीच ओरडलं, “कमळ!” मग खटारा, गवत, घर. एकही चुकलं नाही. आजोबांची छाती भरून आली. मी कमळाच्या चित्रावर अंगठा ठेवला, नुसता ‘क’ उघडा ठेवला आणि विचारलं, “हे काय रे?” पोरगं माझ्या अंगठ्याकडं बघत बसलं. शेवटी म्हणालं, “काका, बोट काढ की.”

पोरात काही कमी नाही. त्यानं चित्र पाठ केलं, चित्राची जागा पाठ केली, दाबल्यावर काय ऐकू येतं ते पाठ केलं. साडेतीन वर्षांच्या डोक्याला ही मोठीच कामगिरी आहे. पण त्याला वाचणं म्हणत नाहीत. चित्र झाकल्यावरही अक्षर बोललं पाहिजे, आणि ‘क’ आणि ‘प’ ओळखता येत असतील तर पूर्वी कधी न पाहिलेला ‘कप’ स्वतः जुळवता आला पाहिजे. तिथून वाचन सुरू होतं.

त्यात आपली लिपी. खेळण्यावर बटणं पन्नासच्या आत. मराठीत ३४ व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची १२ रूपांची बाराखडी लिहिली तर आकडा ४००च्या पुढं जातो. जोडाक्षरं आणखी वेगळी. अक्षरांचा हा पसारा मुलांच्या हाताखालून जायला तिसरी-चौथी उजाडते. माझी थोरली बहीण बावीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतेय. ती म्हणते, “बाळ्या, खरी गंमत वेलांटीला असते.” पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. त्यामुळं तिच्या वर्गातली अर्धी पोरं सुरुवातीला ‘किती’ हा शब्द ‘इकती’ असा वाचतात. ताई ते ऐकते, हसते, बोट क वर ठेवते आणि म्हणते, “आधी ह्याला हाक मार, मग वेलांटीला.” चार दिवसांत जमतं.

आता बोलणाऱ्या पेनाचं बघा. त्याच्या पुस्तकाच्या पानावर डोळ्याला सहज न दिसणारे बारीक ठिपके छापलेले असतात. पेनाच्या टोकातला छोटा कॅमेरा ते ठिपके टिपतो, त्यावरून नंबर कळतो आणि त्या नंबरचा आवाज आत भरलेल्या साठ्यातून वाजतो. झकास कारागिरी आहे, मी स्वतः एक पेन खोलून बसलोय. पण पोरानं ‘इकती’ म्हटलं काय किंवा ‘भाकरी’ म्हटलं काय, पेन आपलं ‘किती’च म्हणणार. त्याला तोंड आहे, कान नाही. चुकलेलं कुणी ऐकलंच नाही तर ती चूक तशीच मुरते.

या दाव्याला अमेरिकेत एकदा सरकारी दणका बसलाय. ‘युअर बेबी कॅन रीड’ नावाचा व्हिडिओ आणि कार्डांचा संच तिकडं साधारण २०० डॉलरला विकला जायचा. नऊ महिन्यांचं बाळसुद्धा वाचायला शिकतं, असा दावा. २०१२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं खोट्या जाहिरातीचा ठपका ठेवला. पुढं २०१४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला, त्यांनी असल्याच एका संचाची ११७ बाळांवर सात महिने परीक्षा घेतली. संच वापरणारी आणि न वापरणारी बाळं वाचनात सारखीच निघाली. फरक पडला तो आई-वडिलांत. आपलं बाळ शिकतंय अशी त्यांची खात्री झाली होती. मला ते पेढेवाले आजोबा आठवले.

‘उच्चार शुद्ध होतात’ हे वाक्य कुणी लिहिलं असेल त्यानं खेळणं एकदा तरी चालू करून बघितलंय का, अशी मला शंका आहे. बाजारात येणारा बराच माल हिंदी पट्ट्यासाठी भरलेला असतो, वरचं खोकं तेवढं मराठीत. मी मागवलेल्या एका लॉटमध्ये ‘ळ’ नव्हताच. म्हणजे बाळ, केळं, फळा, कोल्हापूरकराची मिसळ, सगळं बाद! त्याच मशीनमध्ये ‘ज्ञ’ला ‘ग्य’ म्हणत होते आणि ‘ऋ’ला ‘रि’. मी लॉट परत पाठवला. घाऊकवाला म्हणाला, “एका अक्षरासाठी काय एवढं?”

अस्सल मराठी रेकॉर्डिंग असलं तरी गाठ सुटत नाही. आपल्या ‘च’चे दोन आवाज: चिमणीतला वेगळा, चमच्यातला वेगळा. जेवणातला ज आणि जाळ्यातला ज निराळा, झेंड्यातला झ आणि झाडातला झ निराळा. लिहायला अक्षर एकच. बटण दाबल्यावर मशीन यातला एकच आवाज काढतं. कुठं कुठला म्हणायचा हे मूल शब्द ऐकत ऐकत शिकतं, घरात, आजीच्या तोंडून, भांडताना.

आणि शुद्ध म्हणजे कुणाचं? आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात. खेळण्यातल्या बाई ‘मी आले’ म्हणतात. दोन्ही कानावर पडू देत, बिघडत नाही. पण घरचं बोलणं अशुद्ध आणि डब्यातलं शुद्ध, असं पोराला वाटायला लागलं तर ते बोलायचंच कमी करेल. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ साली याच गावात सृजन आनंद विद्यालय काढलं, ते मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला धरून शिकवायचं म्हणून. त्या गावात आपण डब्याकडून बोलायला शिकायचं?

‘आई-वडिलांनी शेजारी बसायची गरज नाही.’ सगळ्या मेसेजमध्ये हेच वाक्य विकलं जातं, हे मला रोज दिसतं. दोघं कामाला, घरात म्हातारं माणूस नाही, संध्याकाळी स्वयंपाक. “मामा, असं काय तरी द्या की एका जागी बसंल,” म्हणणाऱ्या बाईला मी काय नावं ठेवणार? अर्धा तास पोरगं गुंतलं तर भाकऱ्या होतात. त्यासाठी घ्या, बिनधास्त घ्या. फक्त त्या अर्ध्या तासाला अभ्यास म्हणू नका.

कारण उलटं घडतं, आणि ते मोजलेलं आहे. २०१६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात २६ आई-वडील आणि त्यांची १० ते १६ महिन्यांची बाळं यांच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं गेलं. कधी बोलणारी, दिवे लागणारी खेळणी दिली, कधी ठोकळे आणि कोडी, कधी पुस्तकं. बोलणारं खेळणं सुरू असताना आई-वडीलच कमी बोलले. बाळाला उत्तर देणं कमी, एकमेकांशी देवाणघेवाण कमी. सगळ्यात जास्त बोलणं झालं ते पुस्तकांपाशी. डबा बोलतोय म्हटल्यावर माणूस गप्प बसतं, हे मी काउंटरच्या या बाजूनं रोज बघतो. लाकडी बैलगाडी हातात घेतली की बाप “हुर्रर्र” करतो, “शेतावर जाऊया का?” म्हणतो. बोलणारं खेळणं दिलं की बाप मोबाईल काढतो.

त्याच्याही आधी, २००३ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात, अमेरिकेतल्या सिॲटलला संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या माणसाकडून, काहींना व्हिडिओतून, काहींना नुसत्या आवाजातून. चिनी आवाजांतला फरक ओळखायला शिकली ती फक्त माणसासमोर बसलेली बाळं. ही बाळं वाचायच्या वयाची नव्हती हे मान्य, पण भाषा कानात शिरते कुठून याचा अंदाज येतो.

एक बाजू मात्र मेसेजवाल्याच्या पदरात घालतो. ज्या घरात आई-वडिलांना मराठी वाचता येत नाही, तिथं छापलेल्या शब्दाला आवाज देणारं काहीतरी असणं ही छोटी गोष्ट नाही. उद्यमनगरात कामाला आलेलं एक ओडिया जोडपं माझ्याकडून पेन घेऊन गेलं. पोरगी पेन लावते आणि आई तिच्याबरोबर म्हणते, दोघी शिकतायत. मशीन शंभरदा तेच सांगून कंटाळत नाही, हाही गुण आहेच. पण तिथंही आई शेजारी बसलीय बघा.

‘९० टक्के वाढ पाच वर्षांच्या आत, नंतर वेळ गेलेली.’ मेंदूचा आकार पाच-सहा वर्षांत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास जातो, एवढं खरं. पण आकार म्हणजे वाचन नव्हे. डोकं मोठं म्हणून कुणी वाचत नसतं, शिकवलं म्हणून वाचतं. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीतल्या निरक्षर बायकांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले. त्या वाचायला शिकल्या आणि मेंदूतही बदल दिसले. तिशीत! आणि आपण तीन वर्षांच्या पोरामागं घड्याळ घेऊन लागलोय. सरकारची निपुण भारत योजना २०२१ ची, तिचं उद्दिष्टही तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं एवढंच आहे. पहिलीत जाताना मूल सहा वर्षांचं असतं. घाई आहे ती खेळणी खपवणाऱ्याला, म्हणजे हिशेबानं मलासुद्धा.

आयएसआयचं दोन ओळींत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो शिक्का सक्तीचा आहे. रंगात विषारी धातू नाहीत, टोकं बोचत नाहीत, सेलचा कप्पा पोराच्या नखानं उघडत नाही, यासाठी तो असतो. खेळण्यानं काय शिकवलं याच्याशी त्याचा संबंध नाही. खुळखुळ्यावरही तोच शिक्का असतो. शिक्का बघाच, विशेषतः बटणासारखे चपटे सेल असतील तर, कारण ते गिळलं तर पोराची अन्ननलिका जळते.

मोबाईलपेक्षा बरं? हो, बरं. इथं भांडण नाही.

परवा ताई दुकानात बसली होती, तेव्हा एक आई फोनवर हाच मेसेज दाखवत आली. बरोबर चार वर्षांची मुलगी. ताईनं मुलीला विचारलं, “भेंड्या खेळायच्या? मी म्हणते केळं, आता ‘ळ’पासून सांग.” मुलगी अडली. आई म्हणाली, “ळ पासून शब्दच नस्तोय की ओ ताई!” ताई हसली, “बघा, पोरीला कळायच्या आधी तुमाला कळलं. मग पळवाट शोधायची, शेवटचं सोडून पहिलं अक्षर धरायचं. केळं, के. केर, केस, केशर.” मुलगी म्हणाली, “केक!” मग बाहेरच्या पाटीकडं बोट करून ताईनं विचारलं, “त्या पाटीवर कुठं दिसतोय का गं ‘के’?” शेजारी केमिस्टचं दुकान आहे. मुलीला पाऊण मिनिट लागलं. तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही, आईसुद्धा नाही. सापडल्यावर पोरगी काउंटरवर चढायलाच आली.

आईनं तरी पेन घेतलंच. मी दिलं. पैसे घेताना अंगठ्याची युक्ती सांगितली: आठवड्यातनं एकदा चित्र झाका आणि विचारा. आणि पेन बोललं की तुम्ही पण काहीतरी बोला, चुकीचं असलं तरी चालेल.

तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि दारातनं परत फिरली.

“मामा, सेल यात असतात न्हवं?”

नसतात. ते वेगळे घ्यावे लागतात.