थायलंडची बॅडमिंटनपटू बेन्यापा एमसार्ड पॅरिस ऑलिंपिकला का गेली नाही, हे तिच्या गुणांच्या हिशोबात बघा

१६ जानेवारी २०२२. दिल्लीत इंडिया ओपनच्या फायनली. लक्ष्य सेननं विश्वविजेत्या लोह कीन यूला हरवलं आणि सात्विक-चिरागनं अहसान-सेतिआवान जोडीला. मुंबईच्या चिरागमुळे तो रविवार आपल्याकडच्या बॅडमिंटनवेड्यांना तोंडपाठ आहे. पण त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये महिला दुहेरी कोणी जिंकली, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. जिंकली ती थायलंडच्या बेन्यापा एमसार्ड आणि नंताकार्न एमसार्ड या सख्ख्या बहिणींनी. बेन्यापा तेव्हा १९ वर्षांची होती, नंताकार्न तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी.

कोरोनामुळे त्या स्पर्धेतून अनेक जण बाहेर पडले होते, हे खरं आहे. म्हणून 'फुकट मिळालेलं विजेतेपद' म्हणून ते बाजूला ठेवणारेही भेटतात. त्यांनी त्याच वर्षाचं पुढचं पान उलटावं. एप्रिलमध्ये कोरिया ओपनची फायनल. मे महिन्यात व्हिएतनामला झालेल्या सी गेम्समध्ये, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत, महिला दुहेरीचं रौप्य. डिसेंबरमध्ये बँकॉकला वर्ल्ड टूर फायनल्स, जिथे वर्षभरातल्या फक्त आठ जोड्यांना प्रवेश असतो, तिथेही या दोघी फायनलला. समोर चीनच्या चेन छिंगचेन आणि जिया यीफान. सामना सरळ दोन गेममध्ये गेला, पण तिथवर पोचणं नशिबानं होत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये थायलंड मास्टर्स जिंकली, २०२४ मध्ये पुन्हा जिंकली.

आणि तरीही पॅरिसच्या यादीत ही जोडी नव्हती. यावर 'फॉर्म गेला', 'मोठ्या स्पर्धेत ढेपाळतात' असले शेरे वाचले की वाईट वाटतं, कारण पात्रतेचा हिशोब कोणी मांडतच नाही.

ऑलिंपिकला महिला दुहेरीत १६ जोड्या असतात. एका देशाच्या दोन जोड्या जाऊ शकतात, पण दोन्ही पात्रता क्रमवारीत पहिल्या आठात असतील तरच. नाहीतर एकच. थायलंडची एक जागा जोंगकोल्फान कितिथाराकुल आणि रविंदा प्रजोंगजाई यांनी घेतली. दोघी १९९३ सालच्या, टोकियोही खेळलेल्या, आणि वर्षानुवर्षं एकमेकींना न सोडलेल्या. म्हणजे बेन्यापाची खरी लढत चीन-कोरियाशी नव्हती, स्वतःच्याच संघातल्या थोरल्या जोडीशी होती.

आता तारखा बघा. पॅरिससाठी गुण मोजले गेले ते १ मे २०२३ ते २८ एप्रिल २०२४ या वर्षातले, त्यातही सर्वोत्तम दहा स्पर्धांचेच. इंडिया ओपनच्या विजेतेपदाचे ९,२००, कोरियाच्या उपविजेतेपदाचे ७,८००, वर्ल्ड टूर फायनल्सच्या उपविजेतेपदाचे १०,२००, आणि २०२३ च्या थायलंड मास्टर्सचे ७,०००. बेरीज ३४,२००. यातला एकही गुण पॅरिसच्या खात्यात धरला गेला नाही, कारण हे सगळं १ मेच्या आधी घडलं. वर उल्लेख केलेल्यांपैकी त्या खात्यात बसलं ते २०२४ च्या थायलंड मास्टर्सचं विजेतेपद, म्हणजे ७,०००.

हे ७,००० सुद्धा नीट तोलून बघा. सुपर ३०० दर्जाची, म्हणजे थायलंड मास्टर्ससारखी, स्पर्धा जिंकायला पाच सामने जिंकावे लागतात. त्याहून बऱ्याच वरच्या दर्जाच्या सुपर १००० स्पर्धेत दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरीत पोचलात आणि तिथे हरलात तरी ६,६०० मिळतात. तीन सामने जास्त जिंकण्याची किंमत फक्त ४०० गुण! त्यामुळे क्रमवारीत वर राहतो तो अधूनमधून विजेतेपद मिळवणारा नव्हे, तर मोठ्या स्पर्धेत दर वेळी उपांत्यपूर्व फेरी गाठणारा.

आणि तिथेच मानांकनाची गोम आहे. ३२ जोड्यांच्या ड्रॉमध्ये आठ मानांकित, म्हणजे चार-चार जोड्यांच्या प्रत्येक गटात एक मानांकित. आठवं मानांकन असेल तर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत दुसरी मानांकित जोडी समोर येत नाही. नववी जोडी असाल तर पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत मानांकित जोडी उभीच, ती आधी कोणाकडून हरली नसेल तर. सुपर १००० च्या पहिल्या फेरीत हरलं की ३,००० गुण. आठवी आणि नववी यांच्या खेळात केसाचा फरक असला तरी खात्यात एका आठवड्यात ३,६०० चा फरक पडू शकतो. एकदा आठाच्या बाहेर गेलात की परत आत येणं म्हणूनच इतकं अवघड होतं.

माझं मत स्पष्ट आहे: देशामागे मर्यादा घालणारा नियम योग्य आहे, नाहीतर १६ पैकी निम्म्या जोड्या तीन देशांच्याच दिसतील. पण त्या एका यादीवरून बेन्यापाची कारकीर्द मोजणं साफ चूक आहे.

दुसरी तक्रार ऐकू येते, 'महिला दुहेरी कंटाळवाणी, फूल (शटल) नुसतं इकडून तिकडे.' या खेळात एका स्मॅशवर गुण फारसा मिळत नाही, कारण ६.१० मीटर रुंदीचं कोर्ट दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहून वाटून घेतात. पुरुष दुहेरीतला वेग नसल्यानं स्मॅश परत येतो, पुन्हा येतो, पुन्हा येतो. म्हणून इथे हल्ला म्हणजे ताकद नव्हे, जागा उघडणं. मागची खेळाडू सरळ रेषेत किंवा दोघींच्या मधोमध मारते. तिरका स्मॅश मोहात पाडतो, पण तो सरळ परत आला की मागचीला कोर्टाची सगळी रुंदी धावून काढावी लागते. पुढची खेळाडू नेटला चिकटली की फूल डोक्यावरून जातं. तिनं सर्व्हिसच्या रेषेच्या, म्हणजे नेटपासून १.९८ मीटरच्या, आसपास किंवा अर्धं पाऊल मागे राहायचं, रॅकेट छातीच्या वर.

बचावात सगळ्यात महाग चूक म्हणजे आखूड लिफ्ट (लिफ्ट म्हणजे खालून उंच, मागे उडवलेलं फूल). फूल शेवटच्या रेषेच्या हातभर आत पडायला हवं. ते कोर्टाच्या मध्यावर पडलं की पुढचा स्मॅश खालच्या कोनात येतो आणि बचाव उरत नाही. दमलेल्या जोडीचं पहिलं लक्षण हेच. हात जड होतो, लिफ्ट आखूड पडायला लागते. दुसरं लक्षण, मधल्या फुलावर दोघी थबकतात. बहिणी असल्या म्हणून हे आपोआप सुटत नाही. मधलं फूल कोणाचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. साधारणपणे ज्या बाजूनं फूल येतंय तिच्या तिरक्या कोपऱ्यातली ते घेते, कारण सरळ समोरचीला आपली बाजूची रेषा राखायची असते. आपल्याकडे क्लबात दुहेरी खेळणाऱ्यांनी एवढं एक ठरवलं तरी निम्मे वाद मिटतील.

बचावातून बाहेर पडायचं दार एकच. दर तीन-चार लिफ्टनंतर एक फूल सपाट, नेटच्या जेमतेम वरून, पुढच्या खेळाडूच्या बगलेतून काढायचं. ते साधलं की हल्ला पलटतो. ते कधी काढायचं याची समज म्हणजेच महिला दुहेरीची अक्कल.

भारतीयांना बेन्यापा-नंताकार्नचा खेळ बघायचा असेल तर १८ फेब्रुवारी २०२४ ची शाह आलमची लढत काढा, आशियाई सांघिक स्पर्धेची फायनल. आपण ३-२ नं जिंकलो, पहिल्यांदाच. सिंधूनं थायलंडच्या सुपानिदाला हरवलं, त्रिसा-गायत्रीनं जोंगकोल्फान-रविंदाला तीन गेममध्ये, आणि शेवटी अनमोल खरबनं कमाल केली. त्या आनंदात चौथा सामना सगळे गाळून टाकतात. तो गाळू नका. त्यांच्या बुसाननच्या विजयानं थायलंड १-२ वर आलं होतं, हरलं असतं तर तिथेच संपलं असतं. त्या वेळी या दोघी उतरल्या, समोर आपल्या प्रिया आणि श्रुती, आणि २१-११, २१-९ नं बरोबरी केली. तो सामना बघताना गुणफलक झाका आणि फक्त कोणाची लिफ्ट कुठे पडते ते मोजत बसा.