ऑपरेशन झालं, आता खोलीभाडं कशाला?

नमस्कार. किडनी बदललेल्या गरीब रुग्णांच्या औषधांसाठी, खोलीभाड्यासाठी आणि त्यांना किडनी देणाऱ्यांच्या बुडालेल्या मजुरीसाठी मी देणग्या मागतो. त्यावर तुमचे आक्षेप दोन. किडनी बदलण्याचा खर्च सरकारी योजनेतून होतो, मग खोलीभाड्यासाठी देणग्या कशाला? आणि किडनी देणाऱ्याची बुडालेली मजुरी भरून देणं म्हणजे आडमार्गाने अवयवविक्रीच.

दुसरा आधी घेतो, कारण आरोप गंभीर आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा बघा. अवयवासाठी पैसे देणं-घेणं गुन्हाच आहे. पण अवयव दिल्यामुळे थेट झालेला खर्च आणि बुडालेली कमाई, वाजवी असेल तेवढी, त्याच कायद्याने त्यातून वगळली आहे. ऑपरेशनआधी ठोक रक्कम हातात ठेवणं मलाही मान्य नाही. बुडालेल्या हजेरीचा हिशेब द्यावा, तेवढंच घ्यावं. आणि दाता कोण असतं? बहुतेक वेळा बायको, नाहीतर आई. घरातली दोघंही शेतमजूर असली की एकाच दिवशी दोन्ही मजुऱ्या थांबतात, आणि देणारीला पुढे कित्येक आठवडे जड उचलायची मनाई.

आता पहिला. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाच्या खर्चाची मर्यादा २०२३ मध्ये २.५ लाखांवरून ४.५ लाख झाली. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के सवलतीत, हेही खरं. पण शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही औषधं ऑपरेशननंतर किडनी चालू आहे तोवर रोज घ्यायची असतात. सुरुवातीचे महिने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा तपासतात. कमी पडली तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झाली तर तेच औषध किडनीला बाधतं. त्यात प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली. असा माणूस दर खेपेला गडचिरोलीहून नागपूरला एसटीच्या गर्दीत उभा राहून येणार, आणि रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपणार? जंतुसंसर्ग झाला की पुन्हा भरती, पुन्हा बिल. म्हणून जवळपास स्वच्छ खोली हवी, स्वतंत्र संडास हवा, ताजं शिजवलेलं अन्न हवं. परळला नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची अल्प दरात सोय करते, पण अशा जागा पुरणार किती जणांना?

पैसे भलतीकडे जातील ही भीती रास्त आहे. मग रोख देऊच नका. औषधाच्या दुकानाचं बिल आणि खोलीचं भाडं परस्पर भरा. मला विचाराल तर ऑपरेशनला एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा एका रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्या उचला. पुढच्या वर्षी मी पुन्हा मागायला येईन, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.