खापर फक्त अपडेट न करणाऱ्यांवर?

तुमच्या लेखात वॉनाक्रायचं, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या त्या व्हायरसचं, सगळं खापर विंडोज अपडेट न करणाऱ्यांच्या डोक्यावर फोडलंय, ते काही पटलं नाही. विंडोजमधली फट बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला आणि हल्ला १२ मे ला झाला, हे खरं. पण विंडोज एक्सपी वापरणाऱ्या सर्वसामान्यांना तो मिळाला कधी? हल्ला झाल्यावर! शिवाय ही फट अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होती. कंपनीला सांगायचं सोडून त्यांनी तिचं हत्यार बनवलं, इटर्नलब्लू. तेच शॅडो ब्रोकर्स या हॅकर टोळीने एप्रिलमध्ये चव्हाट्यावर आणलं. एनएसएला कोण जाब विचारणार?

फट होती नेटवर्कवर फायली शेअर करायच्या एसएमबी या पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत. ४४५ नंबरचा पोर्ट (मशीनचं नेटवर्कवरचं दार) उघडा सापडला की झालं. ना लिंकवर क्लिक, ना पासवर्ड. एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप.

आणि जूनमधल्या नॉटपेट्या व्हायरसचा उल्लेखच नाही? त्याने हीच फट वापरली, वर मेमरीतून पासवर्ड उचलून पॅच मारलेल्या मशीनमध्येही शिरला. आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल त्यात ठप्प झालं होतं. खंडणी नावालाच, पैसे भरूनही फायली परत मिळायची सोय नव्हती.

बरं, जुने स्कॅनर एसएमबीच्या त्या पहिल्या आवृत्तीशिवाय फोल्डरमध्ये फाइल टाकत नाहीत, म्हणून कित्येक हापिसांत ती मुद्दाम चालू ठेवतात. पुढच्या लेखात त्यावर लिहा की.