घर विकायचंय? आधी पिंपळ छाटा

फ्लॅट विकायला काढलात? अभिनंदन. वीस वर्षांत जे जमलं नाही, ते आता आठ दिवसांत करायचंय. इमारत कोथरूडची, जुनी, तीन मजली, बिनलिफ्टची, असं मी धरून चालतो. कारण मी तिथेच राहतो.

सुरुवात पिंपळापासून. ड्रेनेजच्या पाइपाशेजारी, दुसऱ्या मजल्याच्या भेगेत तो असतोच. आमच्याकडे त्याच्यावर तीन वार्षिक सभांत चर्चा झाली. दर सभेला चहा झाला आणि पिंपळ वाढला. तुम्ही फक्त फांद्या छाटा. मुळं भिंतीत गेलीत, आणि भिंत आता दुसऱ्याच्या डोक्याला ताप होणार आहे. शनिवारी मात्र छाटू नका, तळमजल्यावरच्या काकू त्या दिवशी खालूनच त्याला हात जोडतात.

मग ओल. भेग सोसायटीची आणि ओल तुमची, हा वाद यापुढे नव्या मालकाने घालावा. तुम्ही पेंटर बोलवा. तो प्रामाणिक निघाला तर पंचाईत. म्हणेल, "साहेब, गिलावा ओला आहे. आधी भेग भरा, भिंत सुकू द्या. नाहीतर आतला खार वर येतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात."

"कधी सुटतात?"

"पहिल्या पावसात."

झालं तर! गिऱ्हाईक मेमध्ये आणायचं. रविवारी, सकाळी अकराला. तोवर टँकर येऊन गेलेला असतो आणि निम्म्या गाड्या नाश्त्याला बाहेर पडलेल्या असतात.

सेक्रेटरींना दुखवू नका. इमारतीच्या रंगासाठी 'ऐच्छिक' देणगी मागतील. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही, हे सरकारने 2001 सालीच परिपत्रक काढून सांगितलंय. ते मनातल्या मनात म्हणा आणि हसा. एनओसीवर, म्हणजे सोसायटीच्या ना-हरकत दाखल्यावर, सही त्यांचीच लागते.

दारावरची 'बेल एकदाच दाबावी, आम्ही बहिरे नाही' ही पाटी उतरवा. चपलांचा ढीग पलंगाखाली सारा. शेजारणीची तुळस दोन तासांपुरती मागून आणा. ती देईल, तुम्ही जाताय म्हणून तिलाही आनंदच आहे. एवढं झालं की जरा लांब उभं राहून घराकडे बघा. असल्या घरात राहायला मिळालं असतं तर आपण विकलं असतं का, असला विचार डोक्यात येईल. तो झटकून टाका, टोकन यायचंय.

आमच्याकडे पार्टी आली तीही मेमध्येच. मुलगा खूश, सूनबाई बाल्कनीत फोटो काढतायत. बरोबरचे आजोबा काहीच बोलेनात. जिन्याच्या खिडकीखाली थांबले, ताज्या रंगावरून अंगठ्याचं नख ओढलं. बोटभर पापुद्रा निघाला. तो त्यांनी अलगद माझ्या तळहातावर ठेवला.

"छान आहे घर," म्हणाले. "जुलैत येतो एकदा चहाला."