स्टीअरिंगचा दिवा लागला म्हणून फ्यूज काढायचा नसतो : त्या व्हायरल मेसेजला उत्तर

"गाडीवाल्यांनो सावधान, शोरूमची लूट ओळखा" हा मेसेज आतापर्यंत तुमच्याकडेही आला असेल. जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळीकडच्या ग्रुपवर फिरतोय. मी एरवी असले मेसेज उघडतही नाही. पण परवा चाळीसगावहून मावसभावाचा फोन आला. त्याच्या गाडीचा स्टीअरिंगचा पिवळा दिवा मधूनमधून लागतो, लागला की स्टीअरिंग जड होतं, गाडी बंद करून चालू केली की परत ठीक. शोरूमला दाखवून झालंय, "ओके आहे" म्हणून परत पाठवलंय. तर हा मला म्हणतो, "दादा, मेसेजमा लिखेल शे, मी फ्यूज काढी टाकसू." आणि हा माणूस मावशीला घेऊन दवाखान्यासाठी कन्नड घाटातून संभाजीनगरला जातो येतो. तेव्हा डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. मी काही वर्षं सर्व्हिस अॅडव्हायझरचं काम केलंय, जॉबकार्ड (वर्कशॉपमध्ये गाडीची तक्रार आणि काम लिहितात तो कागद) लिहिलीत, वॉरंटी क्लेम पाठवलेत, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

मेसेज ज्यांच्याकडे आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्यात म्हटलंय की स्टीअरिंगचा दिवा लागला तर घाबरू नका, फ्यूज काढा, स्टीअरिंग लॉक होत नाही, फक्त जड होतं. कंपनीने स्टीअरिंगची वॉरंटी वाढवली म्हणजे धोका नाही, धोका असता तर गाड्या परत बोलावल्या असत्या. ज्यांनी पैसे भरून एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नाही त्यांना काही मिळत नाही. वॉरंटीची तारीख संपली की कंपनी मोकळी, कोर्टात जाऊन उपयोग नाही. खान्देशच्या उन्हाने सेन्सर जातात, त्यात कंपनीचा दोष नाही. स्टीअरिंग ऑइल टाका, नीट होईल. बाहेरच्या गॅरेजला हात लावू दिला की वॉरंटी गेली. पिकअपवाला ग्राहकच नाही. आणि सरकार कंपन्यांचं काही करू शकत नाही.

आधी फ्यूज, कारण यात जीव जाऊ शकतो.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असतं. तुम्ही स्टीअरिंग फिरवता तेव्हा कॉलममधला, म्हणजे स्टीअरिंगखालच्या दांड्यातला, टॉर्क सेन्सर किती जोर लागतोय ते मोजतो, कंट्रोल युनिट मोटरला सांगतं, मोटर तुमच्या हाताला मदत करते. सेन्सर, वायरिंग, कनेक्टर, मोटर, युनिट, यातलं काहीही गडबडलं की युनिट मदत बंद करतं आणि दिवा लावतं. म्हणजे तो दिवा तुम्हाला सांगतोय की सिस्टीमने स्वतःवरचा भरवसा सोडलाय. फ्यूज काढला की बिघाड तिथेच राहतो, मदत मात्र कायमची जाते. आणि दिवा जाईल म्हणून फ्यूज काढताय तर तेही होत नाही, बऱ्याच गाड्यांत उलट दिवा कायमचा पेटून राहतो, मग लोक त्याच्यावर काळी टेप चिकटवतात, मी अशा गाड्या पाह्यल्यात. पुढे खराखुरा दुसरा बिघाड आला तरी कळायचा मार्ग उरत नाही.

"लॉक होत नाही, फक्त जड होतं" हे वाक्य खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. हो, चाकांशी मेकॅनिकल जोडणी असते, गाडी वळते. पण मदत सगळ्यात जास्त लागते ती कमी स्पीडला. हायवेवर ऐंशीने सरळ जाताना मदत गेली तर एखाद्याला कळणारही नाही, तो म्हणेल बघा काही होत नाही. तोच माणूस कन्नड घाटात, वळणावर, समोर ट्रक, मागे ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये अर्धं स्टीअरिंग फिरवलेलं असताना मदत गेली तर हाताला एकदम दगड लागल्यासारखं होतं आणि गाडी वळणाच्या बाहेर जायला लागते. धडधाकट माणूस सावरेल कदाचित. घरची बाई चालवत असेल, साठी ओलांडलेले आबा चालवत असतील, तर? मेसेज लिहिणाऱ्याने तोरणमाळच्या घाटात फ्यूज काढून गाडी उतरवून दाखवावी आणि मग लोकांना शिकवावं.

आता "वॉरंटी वाढवली म्हणजे धोका नाही". याला एकच उदाहरण पुरेसं आहे आणि ते नेमकं याच रोगाचं आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेवर्ले, पॉन्टियाक, सॅटर्न या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मदत अचानक जायची. तक्रारी येत राहिल्या. कंपनीने काही गाड्या आधी परत बोलावल्या, आणि काहींना नुसती वाढीव वॉरंटी दिली, म्हणजे दिवा लागला, पार्ट गेला, तर या, आम्ही फुकट बदलू. शेवटी 31 मार्च 2014 ला त्यांना अमेरिकेतल्या सुमारे 13 लाख गाड्या याच दोषासाठी रिकॉल कराव्या लागल्या. त्यात कोबाल्ट होती, मालिबू होती, सॅटर्न आयन होती. आणि कंपनीने तेव्हा स्वतःच मान्य केलं की आधी रिकॉल केलं, वाढीव वॉरंट्या दिल्या, पण ते पुरेसं नव्हतं. रिकॉलचं कारण काय दिलं होतं? मदत गेली तरी गाडी हाताने वळवता येते, पण कमी स्पीडला जास्त जोर लागतो आणि त्याने अपघाताचा धोका वाढतो. म्हणजे मेसेजवाला जे "फक्त जड होतं" म्हणून उडवून लावतोय, तेवढ्यासाठी 13 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. वाढीव वॉरंटीत आधी बिघाड तुमच्यावर गुदरावा लागतो आणि मग दुरुस्ती मिळते. रिकॉलमध्ये बिघाड व्हायच्या आधी पार्ट बदलतात. हा फरक ज्याला कळत नाही त्याने धोका आहे का नाही ते ठरवू नये.

आपल्याकडचं पाह्यजे असेल तर मारुतीने जुलै 2023 मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या स्टीअरिंगच्या टाय रॉडसाठी बोलावल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्ये अल्टो के10 च्या 2,555 गाड्या स्टीअरिंग गिअरबॉक्ससाठी, आणि त्या वेळी तर पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं सांगितलं होतं. स्टीअरिंग हा टेप लावून दडवायचा विषय नाही एवढं यातून कळावं.

पुढचा मुद्दा एक्स्टेंडेड वॉरंटीचा. इथे मेसेजवाल्याने तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीये. तुम्ही गाडी घेताना पैसे भरून घेता ती एक्स्टेंडेड वॉरंटी, ती पूर्ण गाडीला, अटींसकट. दुसरी, एखाद्या पार्टमध्ये वारंवार दोष निघतोय हे कळल्यावर कंपनी स्वतःहून त्या पार्टपुरती, ठरावीक महिन्यांत बनलेल्या गाड्यांपुरती मुदत वाढवते ती. तिला पैसे भरलेले असण्याचा संबंध नाही, तुमचा चेसिस नंबर त्या यादीत आहे का एवढंच बघतात, सेकंडहँड गाडी असली तरी चेसिस नंबर तोच असतो. तिसरा रिकॉल. या दुसऱ्या प्रकाराची जाहिरात पेपरात येत नाही, सर्क्युलर डीलरकडे येतं, आणि ग्राहकाने विचारलं नाही तर काउंटरवरचा पोरगा सांगतोच असं नाही. म्हणून आरसीवरचा चेसिस नंबर देऊन लेखी विचारायचं, ईमेल करायचा कंपनीच्या कस्टमर केअरला, नुसत्या फोनवर भागवायचं नाही.

आता "तारीख संपली की कंपनी मोकळी". हे सगळ्यात जास्त लोकांना पटतं आणि डीलरलाही सोयीचं असतं. बघा, दिवा पहिल्यांदा वॉरंटीत लागला होता, तुम्ही नेली होती, त्यांनी कोड, म्हणजे युनिटने ठेवलेली बिघाडाची नोंद, क्लिअर करून दिला, परत लागला, परत नेली, तोवर वॉरंटी संपली, आणि आता म्हणतात कॉलम असेंब्ली बदला, तुमच्या पैशाने. हा नवा बिघाड नाही, जुनाच आहे, जो त्यांना वॉरंटीत नीट करता आला नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दोषाची व्याख्या दिलीये त्यात दर्जात, प्रतीत असलेली उणीव असं म्हटलंय, ती वॉरंटीच्या तारखेला आपोआप नाहीशी होत नाही. याच कायद्याच्या कलम 39 खाली ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. हां, मुदत आहे, कलम 69, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्यामुळे चार वर्षं बसून राहायचं आणि मग जायचं, असं नाही चालत. आणि ज्याने वॉरंटीत एकदाही नोंद केली नाही त्याची बाजू कच्ची आहे, तेवढं मान्य करावं लागेल.

सगळं अडतं ते नोंदीवर. आपली माणसं काय करतात, ओळखीच्या मेकॅनिकला गेटवरच म्हणतात, "भो, जरा बघ ना, दिवा लागतोय", तो स्कॅनर लावतो, कोड उडवतो, चहा पिऊन गाडी घरी. कागदावर काहीच नाही! जॉबकार्ड उघडायलाच लावा. त्यात तुमच्या तक्रारीच्या रकान्यात "स्टीअरिंगचा दिवा लागतो, स्टीअरिंग जड होतं, आधीही दाखवलं आहे" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "जनरल चेकअप" नको. स्कॅनरवर जो कोड आला त्याचा फोटो काढा, कोड उडवायच्या आधी. दिवा लागेल तेव्हा शेजारी बसलेल्याने व्हिडिओ घ्यावा, किलोमीटर दिसतील असा, कारण वर्कशॉपमध्ये दिवा लागत नाही आणि मग "ट्रायल घेतली, ओके" लिहून मोकळे होतात. पैसे घेतले तर बिल मागा, बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलीये. आणि वॉरंटी नुकतीच संपली असेल तर गुडविलमध्ये, म्हणजे वॉरंटी नसताना कंपनीच्या मर्जीवर, क्लेम टाका असं स्पष्ट बोला. कंपनी पार्टचा काही हिस्सा किंवा पूर्ण खर्च उचलते कधी कधी, पण मागणाऱ्याचाच. आधीची जॉबकार्ड जोडलेली असली की तो क्लेम पास व्हायला जोर येतो, हे मी आतून पाहिलंय.

कोर्टाबद्दल. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. नव्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. वकील लावायची सक्ती नाही. गाडी पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, पाच ते दहा लाखांना 200 रुपये, दहा ते वीस लाखांना 400. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, बऱ्याच वेळा कंपनीचा फोन तेवढ्यावर येतो.

उन्हाचं. इथे अर्धी गोष्ट खरी आहे, नाइलाजाने कबूल करतो. भुसावळ-जळगावला 45 च्या वर पारा जातो, आणि पार्किंगमध्ये स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं फिरवत राहिलं की मोटर तापते, युनिट मदत कमी करतं. बॅटरी कमजोर असली तरी दिवा लागतो, तेही खरं, आधी बॅटरी तपासून घ्याच. पण तापून कमी झालेली मदत थंड झाल्यावर परत येते. थंडीच्या दिवसांत, सकाळी, सरळ रस्त्यावर, चांगल्या बॅटरीवर दिवा लागत असेल तर तो उन्हाच्या माथी मारू नका. आणि गाडी भारतात विकायला बनवलीये ना, इथलं ऊन कंपनीला माहीत नव्हतं का?

ऑइलचं तर काय बोलावं. इलेक्ट्रिक स्टीअरिंगला ऑइल नसतंच. हायड्रॉलिकला असतं, आणि तिथेही ऑइल कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय, नुसतं टाकत बसून भागत नाही.

बाहेरच्या गॅरेजचं. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला होता, त्यात सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच. कंपन्या अपिलात गेल्या ती गोष्ट वेगळी. पण तुमच्या वॉरंटी बुकातल्या अटी वाचा, आणि स्टीअरिंगच्या वायरिंगला, कॉलमला वॉरंटीत बाहेर हात लावू देऊ नका, हे मीही सांगेन. फ्यूज काढून, वायर कापून गाडी नेली तर मात्र त्यांना नाही म्हणायला आयतं कारण मिळतं, म्हणजे मेसेजचा पहिला सल्लाच तुमची वॉरंटी घालवतो.

पिकअपवाल्यांचं ऐका, विशेषतः रावेर, यावल, फैजपूरकडचे केळीवाले. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही हे बरोबर, पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे, स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. स्वतःची एक पिकअप स्वतः चालवून केळी वाहणारा माणूस ग्राहक आहे. दहा गाड्या आणि ड्रायव्हर ठेवून ट्रान्सपोर्ट चालवणारा नाही.

राहिलं सरकार. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110 ए आलं, आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांत सुरक्षेचा दोष असेल आणि ठरलेल्या संख्येने मालकांच्या तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, दंड 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. ही तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते. संख्या मोजली जाते ती नोंदवलेल्या तक्रारींची, ग्रुपवर पुढे ढकललेल्या मेसेजची नाही. ज्यांच्या गाडीचा दिवा असा येतो जातो त्यांनी आज चेसिस नंबर आणि जॉबकार्ड काढून ती नोंद करावी, आणि पार्ट बदलेपर्यंत घाटात ती गाडी नेऊ नये.